बर्फीत संत्रं किती?

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात एक न लिहिलेला नियम आहे. सुट्टी संपवून गावाहून येणाऱ्याने गावचं काहीतरी आणायचं. बेळगावचा कुंदा येतो, साताऱ्याचे कंदी पेढे येतात, कोकणातून आंबापोळी येते. मी अकोल्याची, आजोळ मोर्शी तालुक्यातलं, म्हणून माझ्याकडून संत्रा बर्फी. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षं हे काम मी इमानेइतबारे केलं. डबा उघडायचा, ‘ही आमच्याकडची’ असं म्हणायचं, आणि चार लोक ‘वा, मस्त’ म्हणाले की उगाच छाती फुगवायची.

यंदा दिवाळीनंतर साताऱ्याच्या सहकाऱ्याने एक तुकडा तोंडात टाकला, डबा उलटा केला, आणि अगदी सहज विचारलं, “यात संत्रं किती असतं गं?”

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून बारीक अक्षरं वाचली. साखर. खवा. कोहळा. मग संत्र्याचा गर, ८ टक्के. मग आम्लता नियंत्रक, स्वाद आणि रंग, ११०. हा ११० नंबर म्हणजे सनसेट यलो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे संत्र्याच्या आधी कोहळ्याचा नंबर लागला होता.

मी इंजिनीअर आहे, आकडा दिसला की गुणाकार करते. अर्धा किलोचा डबा. त्याचे ८ टक्के म्हणजे ४० ग्रॅम गर. साल, बिया, चोथा काढून फळाच्या वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के हाती लागतं असं धरलं, तर ४० ग्रॅमसाठी शंभरेक ग्रॅम फळ लागेल. एक मध्यम संत्रं सव्वाशे ते दीडशे ग्रॅमचं असतं. डब्याच्या झाकणावर तीन संत्री आणि दोन हिरवीगार पानं छापली होती. आत पाऊण संत्रं होतं.

दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, कारण भांडण त्या एका दुकानाशी नाही. असल्या डब्यांनी अमरावती आणि नागपूरच्या स्टँडबाहेरची दुकानं भरलेली आहेत. मी पाच वर्षं तो डबा वाचला नव्हता, आणि तुम्हीही वाचला नसेल. माझं भांडण या न वाचण्याशी आहे.

त्याच दिवाळीत

हा डबा घेण्याच्या दोन दिवस आधी मी मामाच्या वावरात उभी होते. आंबिया बहाराचा तोडा होऊन गेला होता. व्यापाऱ्याने बगिचा इसार देऊन उक्ता घेतला होता. त्याची माणसं आली, मोठं फळ क्रेटमध्ये भरून घेऊन गेली, आणि बारीक फळ झाडाखाली टाकून गेली. आमच्याकडे त्याला ‘चुरी’ म्हणतात. चवीत काही खोट नसते. आकार लहान असतो, सालीवर डाग असतात. शहरातल्या हातगाडीवर ते शोभत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

धुऱ्याला चुरीचा ढीग पडला होता. वर माश्या घोंगावत होत्या. मी मामाला विचारलं, याचं काय करणार?

“काय करतं माय,” मामा म्हणाला, “ज्यूसवाला आठ रुपये किलो म्हनते. तोडाईवाल्या बाईची मजुरी अन् टेम्पोचं भाडं धरलं त मलेच खिशातून द्या लागते. सडू दे वावरातच, खत तरी होईन.”

मामाकडे तीन एकरांत साडेतीनशे झाडं होती. होती म्हणते, कारण मागच्या उन्हाळ्यात त्यातली दोनशे त्याने जेसीबी लावून काढली. बोअर आटला होता. वरूड-मोर्शी भागात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की हा पट्टा सरकारी कागदावर अतिशोषित म्हणून नोंदला गेला, आणि लोक आठशे-हजार फुटांपर्यंत भोकं पाडत बसले. दोन वर्षं टँकरने झाडं जगवल्यावर मामाने हिशेब मांडला. संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेतून आणलेल्या जंबेरी खुंटावरच्या कलमापासून भर बहारातल्या झाडापर्यंतचा काळ म्हणजे एका पोराचं पूर्ण शालेय शिक्षण. ते झाड जेसीबीला अर्धा मिनिट पुरतं.

“तुया वयाचे होते ते झाडं,” मामा म्हणाला. नंतर बराच वेळ बोलला नाही.

मामाच्या धुऱ्यावरचा ढीग आणि माझ्या डेस्कवरचा डबा यांच्यामध्ये दोन दिवसांचं अंतर होतं. आणि मी आख्खा लेख त्या अंतराबद्दल लिहिते आहे. इकडे संत्रं सडतं, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. तिकडे संत्र्याच्या नावावर मिठाई विकली जाते आणि तिच्यात संत्र्याला जागा नाही.

नाव कोणाचं, माल कोणाचा

थोडा इतिहास, पटकन. संत्रं मूळचं इथलं नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ते औरंगाबादकडून आणलं गेलं असं सांगतात. पुढे ते काटोल-नरखेडपासून वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर आणि इकडे अकोला जिल्ह्यातल्या अकोटपर्यंत पसरलं. आज ‘नागपुरी संत्र्या’खालचं सगळ्यात जास्त क्षेत्र अमरावती जिल्ह्यात आहे. नाव मात्र नागपूरचं राहिलं, कारण बाजारपेठ आणि रेल्वेचं जंक्शन नागपूरला होतं. याबद्दल मला राग नाही. वऱ्हाड-नागपूर हे भांडण लग्नाच्या पंगतीत शोभतं, लेखात नाही.

२०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जीआय टॅग. आपण सगळ्यांनी ते अभिमानाने फॉरवर्ड केलं. पण ते मानांकन फळाला आहे, बर्फीला नाही. कुठलंही संत्रं, कुठलाही गर, किंवा नुसता स्वाद वापरून कोणीही ‘संत्रा बर्फी’ विकू शकतं.

आता बंगालकडे बघा. रसगुल्ला आमचा की तुमचा यावरून बंगाल आणि ओडिशा वर्षानुवर्षं भांडले. २०१७ मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला टॅग मिळाला, २०१९ मध्ये ओडिशाच्या. आपण मीम बनवून हसलो. पण टॅग मिळवायचा तर पदार्थ कसा बनतो, कशापासून बनतो, कुठे बनतो हे कागदावर लिहून सिद्ध करावं लागतं. धारवाडच्या पेढ्यालाही टॅग आहे. संत्रा बर्फी कशापासून बनते हे मात्र आजपर्यंत कोणी लिहून ठेवलेलं नाही. ज्या पदार्थाची व्याख्याच नाही, त्यात काय कमी पडलं हे सांगणार कसं?

आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बर्फीने नाव मोठं केलं हे खरंच आहे. हल्दीराम बिकानेरचे, पण त्यांच्या नागपूर शाखेसारख्या व्यावसायिकांमुळे संत्रा बर्फी स्टेशनावर आणि विमानतळावर पोचली. लोकांना हातात धरून नेता येईल, आठवडाभर टिकेल अशी वस्तू मिळाली. फळ प्रवासात मऊ पडतं, बर्फी पडत नाही. ही धंद्याची अक्कल आहे आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मिठाईवाल्याने त्याचं काम केलं. प्रश्न असा आहे की संत्रावाल्याचं काम कोणी केलं?

साखर, दूध आणि तिसरा

बर्फीचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या मागे मागे चालत जा.

साखरेच्या मागे गेलात तर कारखाना लागतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सहकारी कारखाना उभा केला, आणि ऊसवाला रस्त्यावर ढीग टाकून गिऱ्हाईक शोधायचा थांबला. आज उसाला एफआरपी आहे. केंद्र सरकार दर ठरवतं आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. थकबाकी राहते, आंदोलनं होतात, कारखान्याचं राजकारण नासतं, हे सगळं मान्य. पण भांडायला एक आकडा आहे.

दुधाच्या मागे गेलात तर डेअरी लागते. तिथे काटा आहे, फॅटचं मशीन आहे, दर दहा दिवसांचं बिल आहे. दुधाचा दरही पडतो, दूधवालाही रस्त्यावर दूध ओततो. पण त्यालाही आपलं माप माहीत असतं.

संत्र्याच्या मागे गेलात तर इसाराची चिठ्ठी लागते. हमीभाव नाही. माप नाही, कारण बगिचा उक्ता विकला जातो. झाडावर किती माल आहे हे व्यापारी डोळ्यांनी बघून सांगतो. पुढे भाव पडला तर तो येत नाही, किंवा येऊन ‘फळगळ झाली’ म्हणून ठरलेल्या पैशातून कापतो. वरूडच्या पट्ट्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट असते.

भाव पडायला आपला हात लागतोच असंही नाही. आपल्या संत्र्याचं परदेशातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्यांनी २०१९ पासून आयातशुल्क दरवर्षी वाढवत नेलं. २०२३ पर्यंत ते किलोमागे ८८ रुपयांवर गेलं. ढाक्यात कोणीतरी एका कागदावर सही केली आणि मोर्शीत चुरीचा ढीग उंच झाला. मग राज्य सरकारने किलोमागे ४४ रुपये अनुदान जाहीर केलं. अनुदानाने एक हंगाम निघतो. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा त्याने बदलत नाही.

म्हणून मी म्हणते, संत्रा बर्फी हा आमच्या अर्थव्यवस्थेचा अगदी प्रामाणिक नकाशा आहे. ज्याच्यामागे संघटना आहे तो घटक यादीत वर आहे. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचं नाव आणि चित्र झाकणावर, आणि तो स्वतः ८ टक्क्यांत.

“नागपुरी संत्रं प्रक्रियेला चालत नाही”

हे वाक्य मी कॉलेजात ऐकलं, भाषणांत ऐकलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर ऐकलं. ते अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलेलं वाक्य फार सोयीचं असतं.

खरं काय ते सांगते. दिवाळीच्या त्याच सुट्टीत मी आणि मामीने बर्फी करायचं ठरवलं. वीसेक चुरी सोलली, बिया काढल्या, गर मिक्सरला लावला. ताजा रस गोड होता. तो झाकून ठेवून आम्ही खवा आटवायला घेतला. दीड-दोन तासांनी रस चाखला तर जिभेवर कडवटपणा. मामी म्हणाली, “काई नाई, तू बी ठेचली असशीन.”

बी ठेचली नव्हती. याला लिमोनिन म्हणतात. संत्र्याच्या पातळ पापुद्र्यांत आणि बियांत एक घटक असतो, तो स्वतः कडू नसतो. पण फळ पिळलं की रसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडते आणि हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं. रस तापवला की हे आणखी लवकर होतं. म्हणून नागपुरी संत्र्याचा बाटलीबंद रस करणं अवघड. ज्यूसच्या कंपन्यांना व्हॅलेन्सियासारखी जात आवडते ती उगाच नाही.

पण पुढचं अर्धं कोणी सांगत नाही. कडवटपणा काढायचं तंत्र जगाला माहीत आहे. रेझिनच्या कॉलममधून रस पाठवतात आणि ते रेझिन लिमोनिन धरून ठेवतं. आणि दुसरं, बर्फी म्हणजे ज्यूस नव्हे. ज्यूसच्या ग्लासात कडवटपणा लपत नाही. साखर आणि खव्यात तो लपतो. खरं तर लपायचीही गरज नाही. आमच्या बर्फीत शेवटी जो किंचित कडवट घास राहिला, त्यानेच ती ‘संत्र्याची’ वाटली. नुसती केशरी वाटली नाही.

अडचणी होत्या. संत्र्यात जवळजवळ सत्त्याऐंशी टक्के पाणी असतं, तेव्हा गर आधी वेगळा आटवावा लागतो, नाहीतर बर्फीचा शिरा होतो. आणि गरम खव्यात आंबट गर ओतला की खवा फाटतो. पहिला घाणा आमचा असाच गेला, तो पोरांनी चमच्याने खाल्ला. दुसऱ्या घाण्याला मामीने खवा कोमट होऊ दिला आणि मग आटवलेला गर कालवला. बंगाली लोक संत्र्याची खीर करतात तेव्हा हेच करतात, दूध गार झाल्यावरच संत्रं घालतात. रंग आला तो केशरी नव्हता, मळकट पिवळा होता. चव मात्र डब्यातल्या बर्फीच्या आसपासही नव्हती. फार वर होती.

एक सॉफ्टवेअरवाली आणि एक शेतकरी बाई चुलीवर दोन घाण्यांत जिथे पोचू शकतात, तिथे हा प्रदेश इतक्या वर्षांत का पोचला नाही? आपल्याकडे १९६९ पासून अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे आणि तिचा पत्ताही अमरावती रोड असाच आहे. ज्ञान आपल्या दारातून जाणाऱ्या रस्त्यावर बसलं आहे. तेव्हा ‘चालत नाही’ हे संत्र्याबद्दलचं वाक्य नाही. ते आपल्याबद्दलचं आहे.

कॅलिफोर्निया, कॅलिफोर्निया

वरूड-मोर्शीला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. प्रत्येक निवडणुकीत म्हणतात. मला वाटतं, हे म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाचा इतिहास एकदा वाचावा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथला संत्रावालाही मामासारखाच होता. माल दलालाकडे पाठवायचा, विकला तर पैसे, सडला तर नुकसान आपलं. १८९३ मध्ये तिथल्या बागायतदारांनी एकत्र येऊन स्वतःची विक्रीसंस्था काढली. पुढे १९०८ च्या सुमारास त्यांनी आपल्या फळाला ‘सनकिस्ट’ हे नाव दिलं. माल जास्त झाला तेव्हा त्यांनी ‘संत्रं प्या’ अशी जाहिरात चालवली. १९१५-१६ च्या सुमारास, बाजारात न चालणाऱ्या फळासाठी, म्हणजे त्यांच्या चुरीसाठी, त्यांनी स्वतःचे प्रक्रियेचे कारखाने काढले. ब्रँड शेतकऱ्यांचा, कारखाना शेतकऱ्यांचा.

आपण कॅलिफोर्नियाकडून नाव घेतलं आणि संस्था घ्यायची विसरलो.

विसरलो असंही नाही. ‘नोगा’चं जॅम तुम्ही लहानपणी खाल्लं असेल. नोगा म्हणजे नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन. नावातच उत्पादक आहेत. आज तो राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाचा ब्रँड आहे. नावात शेतकरी, मालकी सरकारची. बर्फीच्या झाकणावरच्या चित्रासारखंच हे.

त्यानंतर आपण वाट बघायला शिकलो. मोठा उद्योगपती येईल, मेगा प्रकल्प येईल. नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीच्या फूड पार्कला २०१६ मध्ये जमीन मिळाली आणि उद्घाटन झालं मार्च २०२५ मध्ये. तिथे संत्र्यावर प्रक्रिया होते, चुरीही घेतली जाईल अशी आशा आहे, आणि ती खरी ठरावी. पण नऊ वर्षं हा संत्र्याच्या झाडाचा मोठा काळ आहे. त्या नऊ वर्षांत लावलेली झाडं फळावर आली, आणि मामाची आटून गेली. शिवाय वरूडहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या एका मोठ्या खरेदीदाराने भाव ठरवणं, आणि गावातल्या व्यापाऱ्याने भाव ठरवणं, यात मामाच्या बाजूने फरक कितीसा? दोन्हीकडे भाव दुसराच सांगतो.

याउलट महाराष्ट्रातच सांगलीकडे बघा. तासगावच्या द्राक्षवाल्याने ताज्या फळाच्या बाजारावरच भिस्त ठेवली नाही. शेडवर द्राक्षं वाळवून बेदाणा केला. बेदाणा टिकतो, कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो, भाव आला की विकता येतो. भाव कोसळतो तेव्हा तोही रडतो, पण उद्या सडेल म्हणून आज मिळेल त्या भावाला द्यावं लागत नाही. आटवलेला संत्र्याचा गर हा आपला बेदाणा होऊ शकतो.

“मग तू काय केलंस?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे, म्हणून मीच विचारते.

काही नाही. बडनेऱ्याला इंजिनीअरिंग केलं, कॅम्पसमधून पुण्यात आले, आणि ट्रॅव्हल्सने वर्षातून दोनदा गावी जाते. लोकांच्या किराणा सामानाला दहा मिनिटांत घरी पोचवणाऱ्या ॲपच्या कोडमध्ये माझा वाटा आहे. मामाचं संत्रं धुऱ्यावरून उचलायला कोणी येत नाही, यात माझा काही वाटा नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. पण ज्या डब्यात पाऊण संत्रं होतं तो मीच विकत घेत होते आणि ‘आमच्याकडची’ म्हणून मीच वाटत होते. त्या ब्रँडची फुकटची जाहिरात मी केली. बाहेर गेलेल्या वऱ्हाडी पोरापोरींचं गावाशी नातं कितीदा असं एका डब्याएवढंच उरतं, हे मान्य करायला मला जड जातंय.

कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाला स्वस्त हवं असतं, जास्त संत्रं घातलं तर बर्फी महाग होईल. हिशेब करू. डब्यात पाऊण ऐवजी तीन संत्री घातली, झाकणावर आहेत तेवढी. चुरीला आठ नाही, चांगले पंचवीस रुपये किलो दिले. तीन संत्री म्हणजे चारशे ग्रॅम, म्हणजे दहा रुपये. सोलणं, बिया काढणं, आटवणं यांची मजुरी आणि गॅस धरून आणखी वीस म्हणा. मी त्या डब्याला तीनशे वीस रुपये दिले होते. साडेतीनशे दिले असते. तुम्हीही द्याल, जर कोणी सांगितलं की फरक कशाचा आहे.

आणि कोणी म्हणेल, तीन संत्र्यांनी मामाचा बोअर भरणार नाही. खरं आहे. पाण्याचा प्रश्न बर्फीने सुटणार नाही. पण पंचवीस रुपयांना जाणाऱ्या चुरीचं झाड तोडायच्या आधी माणूस एक उन्हाळा जास्त विचार करतो. आठ रुपयांच्या झाडासाठी तो टँकर मागवत नाही.

काय मागायचं

मला भाषण ठोकून थांबायचं नाही. तीन गोष्टी मागते, तिन्ही छोट्या आहेत.

पहिली, टक्का. पाकिटावर शब्दांनी किंवा चित्राने एखादा घटक मिरवला असेल तर त्याचं प्रमाण टक्क्यांत लिहावं, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा लेबलचा नियमच सांगतो. नियम आहे, तो फक्त वाचायला आणि पाळून घ्यायला हवा. सुट्या मिठाईला लेबल नसतं हे खरं. पण सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ याची तारीख लावणं २०२० पासून बंधनकारक झालंच ना? तशीच ‘संत्र्याचा गर इतके टक्के’ ही एक पाटी लावा.

दुसरी, व्याख्या. संत्रा बर्फी म्हणजे काय, तिच्यात कमीत कमी किती गर, आणि तो कुठल्या संत्र्याचा, हे कागदावर यावं. मिठाईवाले, बागायतदार आणि अकोल्याचं विद्यापीठ एका टेबलावर बसले तर हे होऊ शकतं. त्यावर पुढे मानांकन मागता येईल. आज जो मिठाईवाला खरंच संत्रं घालतो, आणि असे आहेत, त्याचं नुकसान होतंय. त्याच्या शेजारचा कोहळ्यात रंग घालून त्याच नावाने स्वस्तात विकतो.

तिसरी, गर. शेतकरी उत्पादक कंपन्या आपल्याकडे आहेत. त्यातल्या बऱ्याच खतं-बियाणं विकण्यातच अडकल्या आहेत. मोठा ज्यूस प्लांट नको. गावात सोलणी, बिया काढणं, आटवणं, फ्रीझर, एवढं पुरे. मिठाईवाल्याला वर्षभर एकसारखा आटवलेला गर हवा असतो, आंबिया आणि मृग अशा दोन बहारांत मिळून तो देता येतो. भाव त्यात संत्रावाला सांगेल, कारण फ्रीझरमधला माल उद्या सडणार नसतो.

आणि तुमच्याकडून, म्हणजे पुण्या-मुंबई-बंगळुरूत बसून फोनवर हे वाचणाऱ्यांकडून, फक्त एक प्रश्न. पुढच्या वेळी गावाहून निघताना दुकानात डबा हातात घ्याल, तेव्हा काउंटरवरच्या माणसाला विचारा, “भाऊ, यात संत्रं किती आहे?” मी परवा विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला, “ताई, फ्लेवर असतो ना.” मी डबा परत ठेवला. तो जरा गोंधळला, कारण हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. दिवसातून दहा जणांनी विचारलं तर तो आत जाऊन मालकाला विचारेल.

त्या वेळी मी ऑफिसला मामीने केलेली बर्फी नेली, स्टीलच्या डब्यात, मळकट पिवळी. साताऱ्याच्या सहकाऱ्याने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, “थोडी कडू आहे गं.” मग दुसरा उचलला.

मामाकडे आता दीडशे झाडं उरली आहेत. येत्या उन्हाळ्यात त्यांचं काय करायचं हे त्याने अजून ठरवलेलं नाही.